त्रेचाळीस लेकरांचं खातं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल चुडामण. सगळं गाव त्याला नाना म्हणतं. मी त्याला सातवीत मराठी शिकवलंय, म्हणून मला एकेरीची मुभा आहे. आता तो एकोणसाठचा आणि मी एकाहत्तरचा. वाचनालयाचा चिटणीस म्हणून गेली नऊ वर्षं त्याच्या प्रत्येक कागदावर माझी सही असते. सही करण्यापलीकडे मी फारसं काही केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी मला मोठेपणा द्यायला नको.

चुडामण हा थकलेला माणूस. आजारी नव्हे, नुसता थकलेला. वाचनालय सोसायटीच्या गोडाउनवर आहे. खाली खताच्या गोण्या, वर पुस्तकं, मध्ये सतरा पायऱ्या. सकाळी आठला आणि दुपारी चारला तो त्या चढतो आणि वर पोचला की कुलूप काढायच्या आधी कठड्याला धरून उभा राहतो. "मन्हा बठा जनम ह्या पायऱ्यास्मा गया, गुरुजी," असं तो मला दर आठवड्याला एकदा तरी सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझे केस काळे होते.

त्याची बायको लवकर गेली. मुलगी रुपा तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याने रुपाला एकट्याने वाढवलं असं गाव कौतुकाने म्हणतं. वाढवलं म्हणजे काय, तर सकाळी भाकरी थापून दिली, वेणी घालायला शेजारच्या जमनाबाईंकडे पाठवलं आणि आठच्या ठोक्याला वाचनालय उघडलं. बापाला जेवढं जमतं तेवढं त्याने केलं. रुपा आता सुरतला असते, दिवाळीला फोन करते.

पुस्तकांच्या बाबतीत चुडामणचे दोनच नियम. पान दुमडायचं नाही आणि नोंदीशिवाय पुस्तक दाराबाहेर जायचं नाही. पहिला नियम मोडला की तो चिडत नाही, फक्त दुमडलेला कोपरा समोर बसवून नखाने सरळ करायला लावतो. गावातल्या अर्ध्या लोकांनी लहानपणी ती शिक्षा भोगलीय. दुसऱ्या नियमासाठी त्याचं देवघेव रजिस्टर आहे. तारीख, पुस्तक, वाचकाचं नाव, परत आल्याची खूण. अक्षर असं की छापखान्याला लाज वाटावी. ते अक्षर मी घडवलं, असं मी कार्यक्रमांतून सांगत असतो.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने आपल्याकडच्या काही वाचनालयांना एक ॲप दिलं. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. मोबाइलवर पुस्तक घ्यायचं, चौदा दिवस वाचायचं, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत. "आपोआप" हा शब्द ऐकून चुडामण हसला. तीस वर्षं तो लोकांच्या दारात "मागला महिनानं पुस्तक शे का?" करत हिंडलाय. त्याला वाटलं असेल, चला, निदान एक हेलपाटा तरी वाचला.

कसला वाचतोय! सदस्य व्हायचं तर मोबाइल नंबर हवा आणि दर वेळी आत शिरताना त्या नंबरावर चार आकडी ओटीपी येणार. त्याच वर्षी आमच्या गावातल्या एका शहाण्या माणसाला फोनवरून गंडा बसला होता. बँकेच्या लोकांनी चावडीवर, शाळेत, गिरणीच्या भिंतीवरसुद्धा कागद चिकटवले होते. ओटीपी कोणालाही सांगू नका. आमचं गाव एरवी कोणाचं ऐकत नाही, पण हे मात्र अक्षरशः पाळलं. चुडामण घरोघर गेला. बापाने पोराला फोन वाचायला दिला असता, पण नंबर? "नाना, बाकी काही बी मांगा. ओटीपीनं नाव नको."

मग चुडामणने डोकं चालवलं. ॲपमध्ये कुटुंबाचं खातं होतं. एका नंबरावर घरातली कितीही माणसं घालता येत होती. याने आपला नंबर टाकला आणि पोरांची नावं भरायला सुरुवात केली. नातं भरल्याशिवाय ॲप पुढे जाईना आणि नात्यांत सोय फक्त पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी एवढीच. याने सरळ मुलगा आणि मुलगी भरलं. एकोणतीस मुली, चौदा मुलगे. मला फॉर्म दाखवायला आणला तेव्हा मी म्हणालो, "चुडामण, एवढी तर रेशन कार्डावरसुद्धा मावणार नाहीत रे." आणि खाली सही केली.

त्या दिवसापासून त्या माणसाचं सुख संपलं. त्याच्याकडे बटनांचा डबडा फोन, रबर लावून शर्टाच्या खिशात. पोरं घरच्या फोनवर वाचायची. मध्येच भाऊ फोन ओढून न्यायचा, काही तरी पुसून टाकायचा, की पुन्हा ओटीपी. आकडे यायचे चुडामणच्या डबड्यावर. मग पोरांचा फोन, "नाना, ओटीपी!" आणि हा खिशातून चष्मा काढून वाचायचा, "सात, दोन, शून्य, नऊ. परत सांगस. सात, दोन, शून्य, नऊ." दहा मिनिटांत सांगितलं नाही तर आकडे बाद. त्यामुळे दाढी करताना, जेवताना, एसटीत, कुठेही. तापीकाठी माझ्या चुलतभावाच्या चितेला अग्नी देत होते तेव्हा मागून हळू आवाज आला, "तीन, तीन, आठ, एक." मी मागे वळून पाहिलं, तर तो मान खाली घालून परत सांगत होता. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गर्दीने नेटवर्क बसायचं. तेव्हा हा आठ दिवस यात्रेकडे फिरकायचा नाही, गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी रेंज शोधत उभा. रुपाने दोनदा सुरतला बोलावलं. गेला नाही. "पोरेस्ना ओटीपी कोन देई?" म्हणाला. मी त्याला वेड्यात काढलं.

आणि वर पुन्हा नोंद. मोबाइलवरचं पुस्तकसुद्धा तो रजिस्टरात उतरवायचा. ॲपच्या यादीत सगळी पुस्तकं चुडामणच्याच नावे दिसायची. कोणत्या पोराने काय वाचलं ते फक्त त्या कागदी रजिस्टरात. मी म्हणायचो, "कशाला हात झिजवतोस?" तो म्हणायचा, "पुस्तक दारबाहेर गयं ना, मंग?"

त्या एकोणतीस मुलींतली एक रंजिता. हिलालची थोरली. हिलाल म्हणजे आमच्या शिवारातला पपईवाला, दहा एकर ओलिताखाली, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर सभासद. माणूस वाईट नाही, पण गावात आपलं नाव काय आहे याची त्याला फार काळजी. रंजिता अकरावीला, शहाद्याला बसने जाते. तिला नर्सिंगला जायचंय. वाचनालयातून ती पूर्वी नेहमी दोन पुस्तकं न्यायची. एक वर दिसायला, एक खाली. वरचं घरच्यांसाठी, खालचं स्वतःसाठी. हे मला चुडामणने सांगितलं. ॲप आल्यापासून तिला वरचं पुस्तक लागेनासं झालं, आणि हा सांगताना एवढा खूष, जणू पोरगी पहिली आली.

गेल्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. अध्यक्षांच्या नावाने, स्पीड पोस्टाने. आमचे अध्यक्ष योगेंद्रभाऊ वाचनाचे शौकीन नाहीत, पण पत्र सभेत मोठ्याने वाचायला त्यांना आवडतं. पत्रात लिहिलं होतं की एका कुटुंबात तेरा ते सतरा वयाची त्रेचाळीस अपत्ये आढळली असून खाते बनावट असल्याचा संशय आहे. सभेत हशा पिकला. चुडामण कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, तोही हसला. पुढे होतं की महिनाअखेरपर्यंत प्रत्येक वाचक ज्याच्या-त्याच्या घरच्या नंबरावर वळवावा, नाहीतर सगळी खाती बंद होतील. आणि पुरावा म्हणून चार महिन्यांत घेतलेल्या पुस्तकांची यादी जोडली होती. योगेंद्रभाऊंनी यादीही वाचायला घेतली. मी थांबवायला हवं होतं. पण मी चहा पीत होतो.

यादीच्या शेवटी, नऊ तारखेला घेतलेलं एक पुस्तक होतं. एका डॉक्टरीणबाईंनी मुलींसाठी लिहिलेलं. वयात येणं, पाळी, शरीर, लग्न कधी करावं, नाही कसं म्हणावं. नाव इथे लिहीत नाही, पण सगळं नावातच होतं. योगेंद्रभाऊंनी ते नाव अर्धं वाचलं आणि खोकले. 

हिलाल उठून उभा राहिला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "रविवारे मन्हा मोबाइलमां काहीतरी चित्र व्हतं. माले देखीसन पोरनी झटकन बंद करं." सगळे त्याच्याकडे पाहू लागले तसा त्याचा आवाज चढला. "हाई पुस्तक कोनी वाचं ते माले समजाले जोयजे. मन्ही पोर असी ते तिनं कॉलेज बंद. बसमां पाय ठेवाले नको. देखी-दाखीसन लगीन करी टाकसू."

मला वाटलं चुडामण म्हणेल, ॲपमध्ये सगळं माझ्याच नावे आहे, कोणी वाचलं कसं सांगू? तिथेच संपलं असतं. पण तीस वर्षांची सवय वाईट. कोणी पुस्तकाबद्दल विचारलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं.

"रजिस्टरमां नोंद शे," चुडामण म्हणाला.

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. मी त्याचा हात पाहिला, तो खिशातल्या फोनवर जाऊन थांबला होता. हिलाल म्हणाला, "मंग येता रविवारे रजिस्टर सभामां ठेवा." योगेंद्रभाऊंनी तसं इतिवृत्तात लिहायला सांगितलं. इतिवृत्त मी लिहितो. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रंजिता वाचनालयात आली होती, असं चुडामणने नंतर सांगितलं. बस सुटायला पाच मिनिटं होती. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. टेबलापाशी उभी राहिली आणि समोरच्या पेपराची घडी नीट केली. मग पायऱ्या उतरून बसला गेली. "गुरुजी, ती एक बी शबद बोलनी नही," हे तो मला तीनदा म्हणाला.

शनिवारी भर दुपारी तो माझ्या दारात. काखेत रजिस्टर, पिशवीत गुंडाळलेलं. एवढ्या उन्हात आलास कशाला म्हणून मी डाफरलो. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"गुरुजी, आठे सही जोयजे."

आमच्याकडे पद्धत आहे. रजिस्टरात खाडाखोड केली की शेजारी चिटणिसाची सही आणि तारीख लागते, नाहीतर तपासणीत आक्षेप येतो. ओळ नऊ तारखेची होती. पुस्तकाचं नाव पूर्ण, सुवाच्य. पुढे वाचकाच्या रकान्यात एक नाव रेघ मारून खोडलेलं आणि त्याच्या वर दुसरं नाव लिहिलेलं. चुडामणचं स्वतःचं.

मला समजायला एक मिनिट लागलं. समजलं तेव्हा आधी राग आला. "अरे मूर्खा, खालचं नाव दिसतंय की! रंजिता हिलाल, स्वच्छ वाचता येतंय. खोडायचं तर नीट गिरवून काळं तरी कर."

तो म्हणाला, "तुम्हीच शिकाडेल शे. एकच रेघ मारानी. चूक झाकानी नही, दिसाले जोयजे."

शिकवलं होतं. सातवीच्या वर्गात, फळ्यावर लिहून. शब्द चुकला तर एकच आडवी रेघ, गिरवायचं नाही, प्रामाणिक माणसाची चूक वाचता आली पाहिजे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला असली वाक्यं फार सुचायची. सत्तेचाळीस वर्षांनी ते वाक्य माझ्याच ओट्यावर येऊन बसलं. माझ्या एका तरी विद्यार्थ्याने माझं एवढं ऐकायला नको होतं.

"मग पान फाड," मी म्हणालो. "उंदराने खाल्लं म्हण. मी सही देतो."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच खाली बघावं लागलं.

"खोटं लिहायला चालतं आणि पान फाडायला चालत नाही?"

"खोटं मन्हं शे, गुरुजी," तो म्हणाला. "पान वाचनालयनं शे."

 मी त्याला समजावलं की तुझं वय काय, पुस्तक कसलं, गाव काय बोलेल. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. तो ऐकत होता, पण ओणवा होऊन गुडघा दाबत होता, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. शेवटी म्हणाला, "मी थकी गऊ, गुरुजी. सही करा." मी सही केली. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत त्याने रजिस्टर मिटलं नाही.

रविवारी सभेला एरवी न येणारेसुद्धा आले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? योगेंद्रभाऊंनी रजिस्टर पुढे ओढलं, पान काढलं, वरचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"नाना, हाई तुम्ही वाचं?"

"हाव. मी वाचं."

कोणीतरी मागून म्हणालं, "ह्या वयमां, नाना?" आणि खोलीभर हसू फुटलं. परवा त्रेचाळीस अपत्यांवर हसले होते ते हसू वेगळं होतं. चुडामण फरशीकडे बघत उभा होता. त्याचा फोन वाजला, खिशातच दोनदा किणकिणला. कोणाचा तरी ओटीपी. त्याने काढला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने आकडे बाद होऊ दिले.

हिलालने रजिस्टर मागून घेतलं. खोलीत उजेड कमी म्हणून खिडकीपाशी गेला. हिलालसुद्धा आमच्याच शाळेतून दहावी झालाय, त्याला वाचता येतं. त्याचं बोट ओळीवरून सरकत आलं आणि रेघेवर थांबलं.  बोट तिथेच राहिलं. मग त्याने शेजारची माझी सही पाहिली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघू लागलो.

रजिस्टर बंद झाल्याचा आवाज आला.

"नानानंच नाव शे," हिलाल म्हणाला.

तिथे थांबला असता तर मी त्याला हात जोडले असते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती घट्ट झाकायची तर त्याला आणखी एक वाक्य बोलावं लागणार होतं. तो ते बोलला. खिडकीकडे तोंड करूनच बोलला. "असा मानूस पोरीस्ना वाचनालयमां नको. राजीनामा ल्या."

मला त्याचा संताप आला. उठून ओरडावंसं वाटलं की अरे, तुझ्याच पोरीसाठी हा उभा आहे आणि ते तुला माहीत आहे. पण ओरडलो असतो तर नाव घ्यावं लागलं असतं. मग चुडामणने खाल्लेल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या असत्या. म्हणून मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्यात माझीही सोय होती, हेही खरं. खोट्या दुरुस्तीवर सही माझीच होती. चुडामणने कागद मागितला, प्रकृतीच्या कारणास्तव असं चार ओळींत लिहिलं, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सतरा पायऱ्या उतरून गेला. इतिवृत्त मी लिहिलं.

पण पत्रातली महिनाअखेर काही थांबणार नव्हती. मी शाळेत जाऊन सांगितलं, मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं, पोरांनी घरी रडारड केली. एकेक बाप नाइलाजाने तयार होऊ लागला. गंमत अशी की पोराला चुडामणच्या खात्यातून काढून बापाच्या नंबरावर न्यायचं तर त्यासाठीही ओटीपी लागतो आणि तो जुन्याच नंबरावर येतो. म्हणजे ज्याला हाकललं त्यालाच फोन करणं भाग. आठवडाभर बाप लोक ओशाळ्या आवाजात फोन करत होते आणि हा घरच्या ओट्यावर बसून आकडे सांगत होता, दोनदा. एकेक लेकरू खात्यातून निघून जात होतं.

बुधवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. तो खाटेवर पडून होता. मला बघून उठायला लागला, मी राहू दे म्हणालो. तेवढ्यात फोन किणकिणला आणि लगेच वाजला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला. हिलाल.

"नाना... ते चार आकडा सांगा."

चुडामणने चष्मा शोधला. "नऊ, एक, चार, चार," तो म्हणाला. "परत सांगस. नऊ, एक, चार, चार."  फोन बराच वेळ चालूच होता, मागे पपईचे क्रेट टाकल्याचा आवाज येत होता. मग बंद झाला.

"काय म्हणाला?"

"काही नही. 'बरं' म्हने."

तो फोनकडे बघत बसला. मग हळूच विचारलं, "पोर कॉलेजले जास का?" मी म्हणालो की सकाळीच स्टँडवर पाहिली, शहाद्याच्या बसमध्ये चढली, पाठीला दप्तर होतं. त्याने मान हलवली. "मंग बेस," म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. मला वाटलं झोपला.

थोड्या वेळाने डोळे मिटूनच बोलला, "पोर गयी, पन ते पुस्तक मन्हाच खातावर ऱ्हायनं. आखो दोन दिन मुदत शे." मग उठून बसला. "गुरुजी, तुमना मोबाइलमां ते उघडा. ज्यानासाठे गाव थुंकनं, ते देखू तरी काय शे."

मी माझ्या फोनवर ॲप उघडलं, त्याचा नंबर घातला. त्याच्या डबड्यावर ओटीपी आला. त्याने चष्मा लावून, अगदी सवयीने, समोर दोन हातांवर बसलेल्या मला आकडे दोनदा सांगितले. तीन वर्षांत स्वतःसाठी घेतलेला हा त्याचा पहिला ओटीपी. मी हसलो. तोही थोडा हसला.

मग फोन हातात धरून तो वाचू लागला. ओठ हलवत, हळूहळू, जसा सातवीत वाचायचा. चित्र आलं की क्षणभर थांबायचा, मग पुढे. मी भिंतीला टेकून बसलो. शेजारी जमनाबाई वाळवण उचलत होत्या. तो वाचायचा थांबला हे मला जरा उशिरा कळलं.

"रुपाले हाई कोनी सांगं नही," तो म्हणाला.

मी भिंतीपासून सरकून त्याच्याकडे वळलो.

"तेरा वरीसनी व्हती. तिले वाटनं आपन मरी चालनूत. दोन दिन कोठीघरमां लपीसन बठेल व्हती, गुरुजी. जमनाबाईले सापडनी." त्याचा आवाज चढला नाही, फक्त बारीक होत गेला. "मी वाचनालयमां व्हतू. इतला पुस्तके व्हतात तठे."

पडद्यावरचं पान संपलं होतं. तो अंगठा काचेवर दाबत होता, पण त्याला ते सरकवता येत नव्हतं. "उलटाडा, गुरुजी," म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी पान उलटून दिलं आणि तो पुढे वाचू लागला.